केशरबाईंच्या पायाची उंची

कडा गावच्या कलीम मिस्त्रींचा एक हट्ट आहे. गाडी उंच करून हवी असेल, तर तिच्यात रोज बसणारं माणूस आधी गॅरेजवर आलं पाहिजे.

तानाजीच्या जुन्या फोर-व्हील जीपचं पोट ओढ्यातल्या दगडांना घासायचं. त्याला ती वीतभर उंच हवी होती. मिस्त्रींनी स्प्रिंगचे नवे कमानपाटे चढवले, लांब शॉकॲब्सॉर्बर बसवले आणि म्हणाले, "आता आईला आण."

"तिचं काय काम, चाचा?"

"शेतावर रोज तुझ्यासंगं कोण जातं बे?"

केशरबाई आल्या. सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी उचललेला पाय अर्ध्यातच थांबला.

"जीप हाय का माडी? मी शेत बघायचंच न्हाई का आता?"

पाय पोचला तिथं मिस्त्रींनी खडूनं रेघ मारली आणि तेवढ्या उंचीवर लोखंडी पायरी वेल्ड केली. या खेपेला केशरबाई कुणाचा हात न धरता चढल्या.

"आक्का, उतरू नका. कमानपाट्यांचे नट गाडीत रोजचा भार असतानाच आवळायचे असतात." मिस्त्री तानाजीकडं वळले. "इचारत व्हतास ना, तिचं काय काम?"

"आवळ निवांत, कलीम," केशरबाई ऐसपैस बसत म्हणाल्या. "मी आता शेतावरच उतरते."