तळातली साखळी

ताईने आयुष्यभर एकच काम केलं. होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसायचं. धक्क्यावरची एकही होडी तिच्या हातातून सुटली नव्हती. हत्यार म्हणजे तोंड तिरकं कापलेला तेलाचा डबा. तो ती काठोकाठ भरत नसे. भरलेला डबा खांदा खातो; अर्धा डबा दिवसभर चालतो. पाण्यामागे ती धावतही नसे. टाचांवर बसून राहायची. लाटेने होडी कलली की पाणी आपल्या पायांनी डब्यापाशी येतं. आलं की उचलायचं.

हे बाबांनी शिकवलेलं. बाबांनी स्वतः बांधलेली होडी आता धाकट्या भावाकडे होती, आणि ती आज मोडायची ठरली होती.

भावाने इंजिन बसवलं तेव्हा तळावरच्या फळ्या खिळे ठोकून पक्क्या केल्या होत्या. मागचं पाणी पंप ओढायचा. पुढचं पुढेच तुंबून राहायचं. सुताराने फटीतून लांब सळई घातली, तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. सळईचा वास घेऊन त्याने तोंड फिरवलं. "लाकूड कुजलंय. इंजिन काढा, फळ्या उपटा, तळातल्या आडव्या फासळ्या बदला... त्यापेक्षा मोडून मोकळे व्हा."

होडी काठावर ओढायच्या आधी ताई डबा घेऊन हजर.

"आता कशाला उपसतेस?" भाऊ वैतागला. "फाशी जाणाऱ्याला आंघोळ?"

"पाण्यासकट ओढणार आहेस का तिला? कंबर धरली की मला हाक मारू नकोस."

"बसू द्या हो त्यांना," सुतार म्हणाला. "तेवढाच आपला चहा होईल."

पंप शेवटचं चार बोटं पाणी सोडतो. ताई सोडत नसे. ती इंजिनाखाली आडवी झाली, खांद्यापर्यंत हात घातला आणि फडक्याने कोपरा टिपू लागली. बोटांना एक टणक गोळा लागला. डांबराचा.

ती थबकली. डांबराचा थेंब सांडला तरी बाबा घरी जेवायला येत नसत, आधी तो खरवडत. ते एवढा गोळा विसरून जातील?

तिने डब्याच्या कडेने गोळा खरवडला. आत लोखंडी कडी होती. कडीला साखळी. ताईने ओढली. हलेना. पाय रोवून, दात आवळून पुन्हा ओढली. पुढच्या टोकाकडून खर्र असा आवाज आला.

"अरे, पुढे बघ! काय हललं?"

भाऊ पुढच्या टोकात डोकं घालून ओरडला, "इथं पण डांबर आहे! फुटतंय!"

सुताराने चहा खाली ठेवला.

मग भाऊ पुढे, ताई मागे. "ओढ!" "सोड!" "अरे, सोड म्हटलं की सोडायचं, गाढवा!" साखळी आधी वीतभर सरकली, मग हातभर. दोघांचे तळवे सोलले. एकाएकी तळात गुळगुळ झालं आणि काळं, चिकट पाणी ताईच्या पायांवर आलं. दुर्गंधीने भाऊ बाहेर पळाला. ताई हलली नाही. चिखल आला, शंखांचा चुरा आला, मग पाणी निवळत गेलं. पुढचं सगळं पाणी, वर्षानुवर्षांचं, स्वतःहून मागे चालत येत होतं.

सुताराने पुन्हा सळई घातली. ठक्क. दुसरीकडे. ठक्क.

"मी चिखलाला लाकूड समजलो," तो हळू म्हणाला. पालथा पडून त्याने बॅटरी लावली आणि बराच वेळ उठलाच नाही. "ताई, प्रत्येक फासळीला तळाशी भोक आहे. सगळी एका रेषेत. भोकं बुजली की साफ करायला त्यांतून साखळी ओवलीय. बाहेरच्या फळ्या लागल्यावर हे जमतच नाही. होडीचा नुसता सांगाडा उभा असताना ओवलीय."

होडीने अजून पाणी पाहिलंही नव्हतं, तेव्हा त्या माणसाने पाण्याला वाट करून ठेवली होती. हातगिरमिटाने, एकेक भोक.

"बाबांनी आपल्याला सांगितलं का नाही?" भावाने विचारलं.

"सांगितलं असेल. तू कधी ऐकलंस? मी तरी कुठे ऐकलं?"

सुतार करवत पोत्यात गुंडाळू लागला. भावाने ओढायचा दोर सोडून पुन्हा खुंट्याला बांधला, नेहमीसारखा.

ताई टाचांवर बसली. लाट आली, होडी कलली. पुढच्या टोकापासून पाणी साखळीखालून सरसरत तिच्या डब्यापाशी आलं. तिने ते अर्धा डबा उचललं.