एक्केचाळीस नंबरची खाडी

बॅटरी माझ्या डाव्या हातात होती आणि कीबोर्डचा प्लग माझ्या मांडीवर. प्लगकडे लक्ष गेलं. काय करून बसलो ते तेव्हा कळलं.

मी लालबागच्या एका गिरणीत तेरा वर्षं वायरमन होतो. संप झाला, लांबला, आणि गिरणीचं दार आमच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. मग रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला आणि परळला एका चाळीच्या जिन्याखाली दुकान थाटलं. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि मी. आधी रेडिओ आले, मग टेपरेकॉर्डर, मग गणपतीच्या दिवसांत बँजो पार्ट्यांचे अॅम्प्लिफायर. त्यातून वाद्यवाल्यांत नाव झालं आणि लोक कीबोर्ड घेऊन यायला लागले. मला स्वतःला एक गाणं धड वाजवता येत नाही. तरी जो तो म्हणे, परबकडे ने.

संपाला पंधराएक वर्षं होत आली असताना एका सोमवारी विल्फ्रेड त्याचा कीबोर्ड घेऊन आला. विल्फ्रेड गिरगावचा, ईस्ट इंडियन ख्रिश्चन. म्हणजे अस्सल मुंबईकर. आमच्यासारखे कोकणातून आलेले त्याच्या हिशेबी कालचे पाहुणे. दिवसा विमा कंपनीत क्लार्क, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा आणि नाटकांना साथ. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवत आला होता. आता पहिल्यांदा एका नाटकाला स्वतःचं संगीत द्यायची संधी मिळाली होती, आणि शनिवारी पहिला प्रयोग होता.

हा कीबोर्ड साधा नव्हता. व्हेक्टर सिंथेसायझर म्हणतात त्याला. विल्फ्रेडच्या जहाजावर नोकरीला असलेल्या भाच्याने परदेशातून वापरलेला आणला होता. साध्या कीबोर्डवर एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. ह्यात एकाच वेळी चार आवाज असतात, कॅरमच्या चार पॉकेटांसारखे चार कोपऱ्यांत. पट्ट्यांच्या डाव्या बाजूला एक छोटी दांडी असते, जॉयस्टिक. ती बासरीच्या कोपऱ्याकडे नेली की बासरी वर येते, घंटेकडे नेली की घंटा. अधेमधे कुठे थांबवली तर असं काहीतरी ऐकू येतं की त्याला नावच नाही. शिवाय दांडी कशी फिरवली हेसुद्धा मशीन लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी नुसती पट्टी दाबून धरली की आवाज त्याच वाटेने आपला आपण चालत जातो.

तक्रार किरकोळ होती. चालू केला की पडद्यावर 'बॅटरी बदला' अशी इंग्रजी सूचना यायची. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. कीबोर्ड बंद असताना वादकाने बनवलेले आवाज तिच्या जोरावर टिकून राहतात. बदलायची रीत मला ठाऊक होती: कीबोर्ड चालू ठेवायचा, जुनी काढायची, नवी बसवायची. मधल्या वेळात मेमरीला प्लगमधून करंट मिळत राहतो.

"एक्केचाळीस नंबर तेवढा जपून हां, परब," विल्फ्रेड जाता जाता म्हणाला. "बाकीचे गेले तर बघू."

एक्केचाळीस नंबर म्हणजे त्याने बनवलेली खाडी. नाटक एका कोळणीचं होतं. सुरुवातीला पडदा उघडायच्या आधी पूर्ण अंधार आणि मिनिटभर फक्त हा आवाज. नाटकाच्या दिग्दर्शिका नाईकबाई कडक बाई. त्यांनी हा आवाज ऐकून विल्फ्रेडला घेतलं होतं आणि स्पष्ट सांगितलं होतं की तो आवाज असेल तर तू, नसेल तर आमचे नेहमीचे आहेत.

त्या दुपारी तपासायला म्हणून मी एक्केचाळीस लावला आणि एक पट्टी दाबून धरली. सुरुवातीला काहीच नाही असं वाटलं. मग कुठून तरी लांबून एक गुणगुण आली, तिच्यात माणसाचा श्वास होता, श्वासात बारीक धातूची किणकिण. ती पसरत गेली, फिरली आणि हळूहळू विरली. मी पुन्हा दाबली. पुन्हा. मग बेचाळीस लावला, दांडी फिरवून बघितली, आणि कसा कोण जाणे, फिरतच राहिलो. एका कोपऱ्यातून निघावं आणि दुसऱ्या कोपऱ्याला पोहोचूच नये असं वाटे. जिन्यावरून माणसं वर जात होती, खाली येत होती, मला त्यांची पावलं पाण्याखालून ऐकल्यासारखी येत होती. आयर्न तापत राहिलं. एक बाई मिक्सर घ्यायला येऊन, हाका मारून, निघून गेली म्हणे. शेवटी परत एक्केचाळीसवर आलो, आणि त्या खेपेला ओळख पटली. हे रिंगखातं होतं.

रिंगखातं म्हणजे गिरणीत सूत कातायचं खातं. तिथे प्रत्येक साच्यावर, म्हणजे यंत्रावर, सूत गुंडाळणाऱ्या शेकडो चात्या फिरत असतात. सुट्टीच्या आधीची पाळी सुटली की साचे बंद करत, पण चात्या लगेच थांबत नाहीत. हजारो चात्यांचा सूर एकदम खाली खाली येतो, त्यात घरघर मिसळते, मग नुसती हवा उरते, आणि कोणाचं तरी खोकणं ऐकू येतं. तोवर मी मेन स्विचच्या मुठीला हात लावून उभा असे. सगळं थांबलं की मेन ऑफ करायचा. तेरा वर्षं ऐकलेला हा आवाज माझ्यातून कधी निघून गेला ते मला कळलंही नव्हतं. पट्टी सोडली तेव्हा डोळे भरले होते.

मंगळवारी सकाळी बॅटरी बदलायला बसलो तो गिरणीतच होतो म्हणायचं. गिरणीत आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवत की पॅनेलला हात लावायच्या आधी मेन ऑफ करा, फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. खिशात अशासाठी की तुमचा हात आत असताना कोणा शहाण्याने येऊन तो बसवू नये. ह्या सवयीने माझा जीव दोनदा वाचवलाय. हातांनी तेच केलं. कीबोर्ड बंद केला, प्लग उपटला, खिशात मावेना म्हणून मांडीवर ठेवला, आणि जुनी बॅटरी अलगद बाहेर काढली. इतकं सफाईदार काम मी क्वचितच केलं असेल.

नवी बॅटरी बसवून चालू केला. सूचना गेली होती. आवाजांच्या नावांच्या जागी ठिपके आणि उलटीसुलटी चिन्हं होती. एक्केचाळीस लावला, पट्टी दाबली. काहीही आलं नाही.

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. बॅटरी मरायलाच टेकलेली, सूचना त्यानेच वाचलेली. 'आणलास तेव्हाच मेमरी उडालेली होती' म्हटलं असतं, तर तो नशिबाला बोल लावून गेला असता. हे वाक्य मी मनात दोन-तीनदा घोळवलं. लाज वाटते, पण घोळवलं. मग कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेलो आणि त्याच्या ऑफिसात फोन केला.

तो अर्धी रजा टाकून आला. मी प्लगपासून सगळं सांगितलं.

"सगळे गेले?"

"सगळे. माझ्या हातून."

तो पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. वाजवलं काहीच नाही. मला ते बघवेना. चार शिव्या दे, मी म्हटलं.

"टाइम नाय रे," तो म्हणाला. "शनिवारी शो आहे."

एक गोष्ट बरी होती. ह्या मशीनचे मूळ आवाज, ती कच्ची बासरी, घंटा, श्वास, कंपनीने कायमचे भरलेले असतात. ते पुसले जात नाहीत. म्हणजे मसाल्याचे डबे जागेवर होते. कुठल्यातला किती घातला तेवढं गेलं होतं. लिहून का ठेवलं नाहीस, मी जरा चढ्या आवाजात विचारलं. चूक माझी, आणि आवाजही माझाच वर. त्याने एका रविवारी चर्चहून येऊन, मनात माहीमची खाडी ठेवून, सहज दांडी फिरवली होती. ते एकदाच झालं होतं.

बुधवार आणि गुरुवार त्याने आजारपण कळवलं आणि आम्ही दोघं जिन्याखाली बसलो. दोन कोपरे त्याला पक्के आठवत होते, श्वास आणि घंटा. उरलेल्या दोन कोपऱ्यांसाठी आम्ही एकेक कच्चा आवाज लावून बघत होतो. मी आजवर यंत्रं बिघडलेलीच ऐकली होती. चांगलं यंत्र तासन् तास ऐकायची ती माझी पहिलीच वेळ. कधी काचेच्या बांगड्या लांब कुठेतरी वाजताहेत असं वाटे, कधी देवळाच्या गाभाऱ्यात कोणी ओंकार धरलाय असं. विल्फ्रेड मान हलवी आणि पुढचा लावी. नाईकबाई आणि शनिवार आम्ही मधे मधे चक्क विसरत होतो. आठवलं की घाईघाईने पुढचा आवाज लावायचो.

गुरुवारी दुपारी चारी कोपरे जुळल्यासारखे वाटले, पण दांडीची वाट काही केल्या सापडेना. विल्फ्रेड आवाज चढवत न्यायचा. मी म्हणालो, शेवटी तो खाली यायचा. तो म्हणाला, भरती वर येते, खाली कशाला येईल? मी म्हटलं, मी अख्खी दुपार ऐकलाय. तो म्हणाला, मी बनवलाय. दोघंही खरं बोलत असू. ज्याने त्याने आपापला ऐकला होता. शेवटी वैतागून त्याने हात काढून घेतला.

"मग तू कर."

त्याने पट्टी दाबून धरली. मी दांडी धरली आणि डोळे मिटले. मला सूर कळत नाही, पण चात्या थांबायला किती वेळ लागतो ते माझ्या हाताला माहीत होतं. मुठीवर हात ठेवून मी तेवढा वेळ शेकडो वेळा उभा राहिलो होतो. आधी थोडं धरून ठेवलं. मग सोडत गेलो. घंटा मागे पडली, घरघर आली, शेवटी नुसता श्वास राहिला. डोळे उघडले तर विल्फ्रेडच्या दुसऱ्या हाताचं बोट रेकॉर्डच्या बटणावर होतं.

त्याने ते दोनदा लावून ऐकलं.

"हा तो नाय," तो म्हणाला. मग तिसऱ्यांदा लावून, "कुठे ऐकलास हा?"

मी रिंगखात्याबद्दल सांगितलं. बटणं दाबून त्याने तो आवाज एक्केचाळीस नंबरवर ठेवला.

शुक्रवारी टॅक्सीत कीबोर्ड घालून आम्ही दादरच्या तालमीच्या हॉलवर गेलो. मी गेलो कारण बाई ओरडल्या तर पुढे व्हायला कोणीतरी हवं. नाईकबाईंनी दिवे घालवायला लावले आणि शेवटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मिनिटभर तो आवाज हॉलमध्ये फिरला. दिवे लागले.

"हाच," बाई म्हणाल्या. "ह्याला आता हात लावायचा नाही."

विल्फ्रेड इमानदार माणूस. बाई, हा थोडा वेगळा झालाय, असं त्याने सांगून बघितलं. मला कान आहेत, असं म्हणून बाई नटांकडे वळल्या. मी जमिनीकडे बघत उभा होतो.

शनिवारी प्रयोगाला मला विंगेत, त्याच्या मागे स्टूल मिळालं. अंधार झाला, आवाज सुरू झाला आणि समोरची खोकणारी, कुजबुजणारी माणसं गप्प झाली. त्यांना खाडी ऐकू आली असणार. मला पाळी सुटलेली ऐकू आली. आमचं खातं तेव्हा भंगारात निघालं होतं, साचे ट्रकमधून जाताना मीच पाहिले होते. त्या अंधारात मी रडलो, सरळ सांगतो. कीबोर्डच्या छोट्या हिरव्या पडद्यावर आवाजाचं नाव दिसत होतं. विल्फ्रेडने इंग्रजी अक्षरांत घातलं होतं: रिंगखातं.

प्रयोग झाल्यावर तो वायरी गुंडाळत होता, लोक त्याचा हात हातात घेऊन जात होते. गर्दी सरल्यावर मी म्हटलं, "तुझा आवाज मी घालवला, विल्फ्रेड."

"माझी खाडी अजून तिथेच आहे रे," तो म्हणाला. "जाईन, ऐकीन, परत बनवीन. तुझं खातं कुठे जाऊन ऐकायचं होतं?"

नाटक बरं चाललं. विल्फ्रेडला पुढे आणखी कामं मिळाली, मागे बसणं संपलं. पण खाडी त्याला परत बनवता आली नाही. दुकानात आला की तो कीबोर्ड असो वा दुसरा कुठला, दांडी दिसली की थोडी फिरवायचा, ऐकायचा आणि मान हलवून चहा मागायचा. अजूनही तसंच करतो. माझ्यावर त्याने त्याचा राग कधी काढला नाही, आणि मला ते जास्त जड जातं.

धंद्यात ह्यातून मी एवढंच शिकलो की मेमरी असलेलं मशीन उघडायच्या आधी आतला माल दुसरीकडे उतरवून घ्यायचा. त्यासाठी वेगळं कार्ट्रिज मिळतं. विल्फ्रेडच्या कीबोर्डची अशी दोन कार्ट्रिज आहेत, एक त्याच्याकडे, एक माझ्या टेबलाच्या खणात. दोन्हींत एक्केचाळीस नंबरला रिंगखातं आहे. खाडी कुठेच नाही.