पोरगी पाहाले आले, पण कशासाठी!

सगळ्यात आधी आली शेजारची शांता. आमच्या घरी पाहुणे येणार हे तिले आमच्याआधी कळते! म्हणे, "काकू, जीप थांबली. पोरगी पाहाले आले वाटते."

मैत्रिणींनो, माझं डोकंच सणकलं. आमची नात पूजा दहावीत! पदर खोचून मी दारात आडवी. "लेकरू शिकून राह्यलं, लग्न नाही करायचं. निघा!"

आलेल्या दोघी हसाले लागल्या. "आजी, आम्ही कबड्डीच्या मॅडम. जिल्ह्याच्या संघासाठी पोरगी पाहून राह्यलो."

मग काय, चहा मांडला. पूजाचं तर संघात जायचं किती दिवसांचं मन! मॅडमनं तिले अंगणात पळवलं, वाकवलं, अन् मले विचारलं, "ही खाते काय हो?"

म्हटलं, "ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे. अन् पहाटे शेतापर्यंत पळते." मागं बारीक व्हायचं म्हणून जेवण सोडलं होतं आमच्या पूजानं, मैदानातच चक्कर येऊन पडली. तवा बोलले होते मी, "उपाशी बैल वखर ओढते का वं?"

शांता मधीच म्हणे, "दंड पाहा पोरीचे! उद्या कोण पसंत करीन?"

मॅडम म्हणे, "आम्ही केली ना. पोरगी संघात!"

पूजा माझ्या गळ्यात पडून रडली. मीबी रडले.

बायांनो, तुमच्या लेकी पोटभर जेवतात ना? 

मॅडम येत्या रविवारी साऱ्या संघाले घेऊन भाकर खाले येणार आहेत.