अंगठ्याखाली धरलेला आवाज

केरबा सकाळपासून उजव्या हाताचा अंगठा विटेच्या तुकड्यावर घासत होता. सहा वर्षं रोजगार हमीवर खडी फोडून अंगठ्याला घट्टा पडला होता. घट्ट्याला काही कळत नाही, आणि आज अंगठ्याला कळणं भाग होतं. कातडं लाल झाल्यावरच तो थांबला.

दुकान संगप्पाचं. लातूर जिल्ह्याचं गाव होऊन पाच वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या आल्या, साहेबलोक आले, तसं संगप्पानं कापडाचं दुकान अर्धं करून उरलेल्या अर्ध्यात व्हिडिओ थाटला. केरबाला त्यानं कॅमेऱ्याचं ओझं उचलायला ठेवलं होतं. दोन वर्षांत केरबा कॅमेरा धरायलाही शिकला.

मे महिन्यात केरबानं लिंबाजीच्या पोरीचं लग्न कॅमेऱ्यात काढलं. लिंबाजी रेणापूरकडचा, खडीवरचा त्याचा जोडीदार. खडी फोडताना हाक मारली की पलीकडच्या बांधावर ऐकू जावी असा त्याचा आवाज, भरलेला आणि सावकाश.

मांडवात पंचशील झालं, हार घातले, आणि टँकरचा हॉर्न वाजला. चार दिवसांनी पाणी आलं होतं. सगळा मांडव घागरी घेऊन पळाला, नवऱ्याकडचे वऱ्हाडीसुद्धा. टँकरचं इंजिन घरघरायला लागलं. ही घरघर टेपमध्ये नको म्हणून केरबानं कॅमेऱ्यातून माईकची पिन काढली. चित्र चालू राहिलं. रिकाम्या मांडवात लिंबाजी व्याह्याजवळ गेला, काही बोलला. व्याही साहेबराव देगलूरचा. त्यानं मान हलवली. केरबा दहा पावलांवर होता, त्याला इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. पिन परत लावायचीही त्याला आठवण राहिली नाही.

वीस दिवसांनी लिंबाजी खडीवरच ऊन लागून गेला.

पोरगी विशाखा बारावी पास झाली. तिला नांदेडला डी.एड. करायचं होतं. फॉर्मवर सासरच्या कर्त्या माणसाची सही लागत होती, आणि शेवटची तारीख उद्याची होती. लग्नाच्या दिवशीच घरी लिंबाजीनं बायकोला, पारूबाईला, सांगितलं होतं, "इवायाला मी सगळ्यांपुढं अडचणीत आणलं न्हाई. एकट्याला विचारलं. हाव म्हणला." आता साहेबराव म्हणत होता, असं काही बोलणंच झालं नाही.

पुरावा होता, पण दोन तुकड्यांत. चित्र मुकं होतं. ते पाहून साहेबराव म्हणाला, "पाण्याचं बोललो असंन." आवाज एका कॅसेटवर होता. पारूबाईच्या भावानं नवरानवरीजवळच्या टेबलावर टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. तोही पळाला, पण मशीन चालत राहिलं, आणि दोघे व्याही त्या टेबलाशीच उभे राहून बोलले होते. मात्र मरायला टेकलेले सेल त्यानं पत्र्यावर उन्हात तापवून घातले होते. असे सेल जरा वेळ तग धरतात, मग बसत जातात. टेप हळूहळू मंद फिरली, म्हणून आता वाजवताना आवाज पळायचा, बारीक व्हायचा. तो ऐकून साहेबराव हसला होता. "ह्यो लिंबाजी हाय? ही तर चिमणी हाय."

म्हणून दोन्ही एका टेपवर आणायचं होतं. एका मशीनमधून चित्र, टेपरेकॉर्डरमधून आवाज, दोन्हीच्या वायरी दुसऱ्या मशीनमध्ये. दुसरं मशीन नांदेडहून भाड्यानं आणलेलं, अडीचच्या गाडीनं परत जायचं होतं. वीज बारा ते दोन. वीज जायच्या आत साहेबराव बघायला येणार होता.

केरबानं टेपरेकॉर्डरची पाठ उघडली. आत फिरतं जड चाक होतं. त्याच्या कडेला अंगठा टेकवला की आवाज मंदावायचा. किती टेकवायचा ते लिंबाजीच्या ओठांवर बघून ठरवायचं. सेल जसे बसत गेले, तसा दाब वाढवत न्यायचा.

बाराला पंखा हलला. हॉर्न चित्रातही होता, कॅसेटवरही. तिथून दोन्ही एकदम सोडले. पहिल्यांदा अंगठा जड पडला.

"आरं, म्हैस हंबरून राहिली," संगप्पा म्हणाला.

"आप्पा, गप बसा जरा."

दुसऱ्यांदा ओठ मिटले तरी आवाज बोलतच राहिला. कॅसेट काढली तर तपकिरी भुकटी बोटाला लागली. टेप झिजत होती.

"अजून किती डाव चालंल, भावजी?" पारूबाईनं विचारलं. ती स्टुलावर फॉर्मची पिशवी मांडीवर धरून बसली होती.

"एक."

सव्वा वाजला होता. केरबानं अंगठा पाण्यात बुडवला, पुसला, आणि चाकावर ठेवला. हॉर्न. इंजिन. मग लिंबाजी बोलला. लिंबाजीच बोलला. पारूबाईचा हात तोंडावर गेला.

"साहेबराव, माझ्यापाशी द्यायला काय न्हाई. पोरगी हुशार हाय. पास झाली तर तिला शिकवा. माझं तेवढंच मागणं हाय."

प्रत्येक शब्द ओठावर बसला. अंगठ्याचं कातडं फाटलं, चाकाला रक्त लागलं. आता साहेबरावचं उत्तर. सेल इथंच पार बसले होते. केरबानं जोर लावला. चाक दबलं तसं टेप ओढून घेणारं चाकही मंदावलं, टेप सैल पडली आणि रुळाला गुंडाळली. एक करकर झाली. चित्रातला साहेबराव मान हलवत होता, तोंड उघडत होता, पण त्याचा आवाज आला नाही.

केरबानं चुरगळलेली टेप नखानं सोडवायला घेतली. ती तीन जागी तुटली.

"पिन मीच काढली होती," तो म्हणाला. "मांडवात. इंजिनासाठी."

पारूबाईनं टेपचे तुकडे उचलून टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "हाय तेवढं दावा त्यायला."

साहेबराव पावणेदोनला आला. टोपी काढून बसला. लिंबाजी बोलायला लागला तशी त्यानं टोपी मुठीत आवळली.

"काय पाव्हणं," संगप्पा म्हणाला, "चिमणीला कंठ फुटला की."

"माझं बोलणं कुठाय?"

"मशीननं टेप खाल्ली," केरबा म्हणाला.

"मग मी काय बोललो ते कुणी सांगावं?"

"तुमीच सांगा," पारूबाई म्हणाली.

साहेबरावनं खाली बघितलं. "आण फॉर्म. सही करतो. पण ती टेप मला द्यायची. उद्या देगलुरात कुणी लावली तर मी खोटारडा ठरंन."

"वयनी, देऊ नगा," केरबा म्हणाला. "कॅसेट गेली. त्याचा आवाज आता एवढाच हाय. दुसरी करायला वीज न्हाई, मशीन न्हाई."

पारूबाईनं पिशवीतून फॉर्म काढला, टेबलावर सरळ केला. "त्यायनी मागितलं ते हे हाय," ती म्हणाली. "द्या भावजी."

साहेबरावनं दोन ठिकाणी सही केली. केरबानं टेप काढून दिली. साहेबरावनं ती धोतराच्या सोग्यात गुंडाळली. तो बाहेर पडला आणि पंखा थांबला.

तिसऱ्या दिवशी पारूबाई नांदेडहून परतताना दुकानी आली. फॉर्म भरला होता. ती वीज येईपर्यंत थांबली, मग म्हणाली, "मुकी टेप लावा."

केरबानं लावली. हॉर्न वाजला, आवाज गेला. रिकाम्या मांडवात लिंबाजी बोलायला लागला. पारूबाई त्याच्या ओठांकडं बघत होती. केरबाचा सोललेला अंगठा टेबलाच्या कडेला टेकला होता. कुठल्या शब्दाला किती दाबायचं, ते त्याला अजून कळत होतं.