सतराव्या प्रकरणातलं लग्न

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरात नाही, कचेरीत नाही, देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझी कादंबरी वाचलीत — आणि सतराव्या प्रकरणावर रडलात, असं कानावर येतं.

आधी थोडी बढाई मारू द्या. सव्वीस वर्षं पोलिसात काढली, पेन्शन घेतली, आणि ज्या वयात लोक काशीला निघतात त्या वयात मी पहिली कादंबरी लिहिली! आमच्या कल्याणातले लोक हसले. रोजनामा लिहिणाऱ्या हाताला कादंबरी कुठून येणार? आली! वाचनालयातल्या प्रतीची पानं सुटून आली आहेत. ठाण्याचे वकील भर रस्त्यात थांबून नमस्कार करतात. खोटं कशाला बोलू — मला हे फार आवडतं. पूर्वीचे सलाम पट्ट्याला होते, हे नमस्कार मला आहेत.

विसरला असाल तर गोष्ट अशी. बाळकुमच्या मिठागराकाठच्या देवळातून देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला जातो. मिठागरात राबणाऱ्या सोमावर आळ येतो आणि त्याला तुरुंगात टाकतात. मग एक हुशार फौजदार मिठागराच्या चिखलात उतरतो, पावलांचे ठसे पाहतो, डोकं लढवतो, खरा चोर पकडतो — आणि पोरीच्या लग्नाला सोमा ऐन वेळी मांडवात पोचतो. हेच ते सतरावं प्रकरण.

चोरी खरी आहे. सोमाही खरा. आणि तो फौजदार मी — पण हुशारी? ती माझी नव्हती.

पंचनामा जागेवर जाऊन करायचा असतो. मी तो चावडीत बसून केला, पान चघळत. का? हसू नका — माझ्या पायात नवा जोडा होता. काळा, चकचकीत, साहेबाच्या जोड्यासारखा. खाऱ्या चिखलात एकदा बुडाला की चामडं गेलंच म्हणायचं. म्हणून मी चावडीतच लिहून टाकलं, ‘जागेची पाहणी केली, पावलांचे ठसे आढळले नाहीत,’ आणि पंचांनी खाली मुकाट निशाण्या केल्या. सोमा त्या संध्याकाळी देवळाजवळ दिसला होता, एवढ्यावर त्याला धरला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको हिरू ठाण्याला कचेरीत आली. रडली नाही की पाया पडली नाही.

“सायेब, मिठागरान चला,” ती म्हणाली. “वाफा आमी नुकताच तुडवून ठेवलाय. देवळापासून त्याच्या मदोमद पावलं गेल्यान. आमचा मानूस मेला तरी तुडवलेल्या वाफ्यान पाय नाय टाकाचा. तो बांधावरून जाईल.”

मिठागराच्या वाफ्याचा तळ दिवसचे दिवस पायांनी तुडवून घट्ट करतात, मगच त्यात खाडीचं पाणी घेतात. त्या तळावर आडवं चालत जाणारा माणूस बाहेरचाच असणार. सव्वीस वर्षांत इतका सरळ आणि पक्का पुरावा मला कुणी दिला नाही. बाई बरोबर आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं.

मग उठलो का? नाही. नवे साहेब त्याच आठवड्यात आमचं दप्तर तपासायला बसले होते, कागद न् कागद उलटून. ठसे आहेत म्हणावं, तर पंचनामा खोटा ठरतो. आणि खोटा पंचनामा करणाऱ्या फौजदाराचं काय होतं? म्हणून मी तिला म्हटलं, “बघतो.”

अकरा दिवस मी बघत होतो. हिरूनं त्या पावलांवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घातले आणि वाफ्यात पाणी येऊ दिलं नाही. शेजारचे सगळे वाफे भरले, तिचा एकटीचा कोरडा राहिला. बाराव्या दिवशी साहेब दौऱ्यावर गेले. मी जुना जोडा घालून मिठागरात उतरलो, झाप उचलले आणि जुन्याच्या जागी नवा पंचनामा लिहिला — ‘माझ्या बारकाईच्या पाहणीत आढळलं की.’ ठशांत डाव्या पायाची करंगळी नव्हती. तीन दिवसांत तसा पाय सापडला, मुखवटाही सापडला. मला बढती मिळाली. हिरूचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही.

गेल्या महिन्यात बाळकुमच्या मास्तरांनी माझं पुस्तक चावडीत वाचायला ठेवलं. होय, त्याच चावडीत! मला शाल दिली, नारळ दिला. सतरावं प्रकरण लोकांनी दोनदा वाचून घेतलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ऊर भरून आला हो माझा.

मग हिरू पुढे आली. थकली आहे आता. सोमा दोन वर्षांपूर्वी गेला.

“फौजदारानू, पुस्तकान सोमा पोरीच्या लग्नाला आयला,” ती म्हणाली. “बेस झायला.”

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी कसाही परतवला असता. तिची लेक शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. सतरावं प्रकरण तसंच राहील. ते चांगलं उतरलंय आणि मला त्याचा अभिमान आहे, तो लपवणार नाही. फक्त त्याच्या आधी हे पान असेल, हिरूच्या नावासकट.

लग्न नवव्या दिवशी झालं. मांडवात बापाच्या जागी सोमाचा धाकटा भाऊ बसला. सोमा ठाण्याच्या तुरुंगात होता. मी तिथून हाकेच्या अंतरावर, कचेरीत बसलो होतो. पायात नवा जोडा होता, कोरडा.