फुलाचं मोकळं कपाळ

कारंज्याहून फुलाच्या हाताखालच्या सिंधूचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरड्या घालत होते. हात चिकाने भरलेले, म्हणून सुनेने फोन कानाशी धरला. "ताई, फुलाबाई गेली वो... कणीक मयता मयता बसली, आन गेली." मी विचारलं, दवाखान्यात नेलं का? सिंधू म्हणाली, "नेलं ना. डाक्टरनं हात लावला आन मान हालवली. तुमी या लवकर." सोऱ्या तसाच टाकून मी निघाले. सिंदी मेघ्याहून वर्ध्याचा स्टँड, तिथून आर्वी, आर्वीहून कारंजा. आर्वीला गाडी लागलेलीच नव्हती आणि कंडक्टर चहा पीत बसला होता. त्या माणसाचा काही दोष नाही, पण त्याचा चहा मला अजून आठवतो आणि अजून राग येतो.

पंचफुला ही माझी बालमैत्रीण. वडनेरला आमची घरं एका भिंतीची. तिला जाऊन आता महिना उलटला आहे आणि एवढ्यात लोकांनी तिची पार देवी करून टाकली. कारंज्याच्या बाजारात जो तो सांगतो, फुलाबाई म्हणजे मायेचा सागर होती, कधी कुणाला उलट शब्द बोलली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! फुला अजिबात गोड नव्हती. ती शिव्या देत असे, टाकून बोलत असे, आणि रडणाऱ्या बाईची तर तिला भयंकर चीड होती. तिच्यावर लिहायचं तर खरं लिहावं, नाहीतर ती वरून मला काय म्हणेल ते मला ऐकू येतं.

फुलाचं लग्न आमच्याच भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरात झालं. बारा एकर, विहीर, बैलजोडी, सगळं जागेवर. सासरी पाहुणे आले की लांब पोळी व्हायची. आमच्याकडची ही पोळी ज्यांनी केली नाही त्यांना सांगते. कणीक इतकी सैल भिजवायची की हातातून ओघळावी, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत ती कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मटक्यावर टाकायची. एक क्षण चुकला की पोळी फाटते. फुलाची पाहुण्यांसमोर फाटली. पाहुणे हसले, जेवले, गेले. ते गेल्यावर नवऱ्याने तिचा डावा हात धरला आणि त्या मटक्यावर दाबून ठेवला. सासू तिथेच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "अरे, मटकं फुटन ना."

कातडी मटक्याला चिकटली होती. हे मला फुलाने सांगितलं नाही, तिचा हात पाहून मलाच कळलं. भावांनी माहेरी आणलं, हळद-तेल लावलं आणि हात जरा सुकल्यावर तिला परत सासरी पोचवायला निघाले. 'नांदणाऱ्या बाईला एवढं-तेवढं होतंच,' असं तिच्या थोरल्या भावाचं मत. हिंगणघाटच्या स्टँडवर ते पान खायला उतरले आणि फुला वर्ध्याच्या गाडीत चढून माझ्याकडे आली. दार उघडलं तर म्हणाली, "काऊन अशी पाहून राह्यली? भूक लागली मले. वाढ." तो पावसाळा ती माझ्या घरी राहिली. ती रडेल म्हणून मी वाट पाहत होते... ती रडली नाही. मीच रडले, तर मला ओरडली.

पुढे कारंज्याच्या हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला लांब पोळ्या करणारी बाई हवी होती, हे तिला कुठून कळलं कोण जाणे. मी म्हणाले, "अगं, आगीतून फुफाट्यात कशाला जातेस? दुसरं काही कर." तिने डावा हात पुढे केला आणि म्हणाली, "या हाताले आता काही समजतच नाई. पोयी दुप्पट लांब होते. त्याचेच उपकार समज." असं ती हसत हसत बोलायची. ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिने चूल मांडली, मग दुसरी, मग तिसरी. नागपूर-अमरावतीचे ट्रकवाले तिच्या पोळीसाठी गाडी थांबवू लागले, लग्नाच्या ऑर्डरी येऊ लागल्या आणि त्यांच्या मागोमाग बायका येऊ लागल्या. टाकलेल्या, हाकललेल्या, कुणाचा दात पडलेला, कुणाच्या कडेवर पोर.

फुलाने त्यातल्या एकीलाही जवळ घेतलं नाही. नवी बाई आली आणि डोळ्याला पदर लावला की फुला म्हणायची, "रडाचं असन त कांदे काप, तेवढंच काम होईन." लगेच तिच्यासमोर सैल कणकेची परात सरकवायची. पहिली पोळी फाटायचीच. मग शेडमध्ये सगळं काम थांबायचं. ती फाटकी, करपलेली पोळी त्या बाईच्याच ताटात पडायची आणि सगळ्यांच्या आधी, गिऱ्हाइकाच्याही आधी, तिने ती गरम गरम खायची. बायकांना ते जमत नसे. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवलेल्या त्या. बाहेर ट्रकवाले बोंब मारायचे, ढाबेवाला चिडायचा. फुला त्याला म्हणायची, "थांबा बाप्पा. जिनं केली ते आधी खाईन." हाच तिचा शेडचा नियम. रोज, प्रत्येकीने, आपली पहिली पोळी आपण आधी खायची.

सिंधू आली तीही अशीच. नवरा ट्रकखाली गेला आणि सासरच्यांनी वर्षाच्या आत बाहेर काढलं. घरात कार्य असलं की तिला मागच्या खोलीत बसवत, दिराच्या लग्नात हळदीच्या ताटाला चुकून हात लागला म्हणून जावेने ताट बदललं होतं. ती पहिल्या दिवशी पोळी खाता खाता ओकली. फुला म्हणाली, "धू तोंड, आन पुन्हा बस." आज तिसऱ्या चुलीवर सिंधूसारखी पोळी कुणाची होत नाही.

फुला स्वतः कुंकू लावत नसे. नवरा धडधाकट जिवंत, आणि हिचं कपाळ कोरं. बाजारात नवे लोक तिला विधवा समजत, कुणी तोंडावर रांड म्हणे, तर ही म्हणे, "मंग? रांडच बरी." पण काडीमोड मात्र तिने कधी दिला नाही. त्या माणसाने निरोप धाडले, पंच पाठवले, एकदा तर वकीलही आणला. फुलाने सगळ्यांना पोळी खाऊ घातली आणि परत पाठवलं. मला म्हणाली, "मी जिती आहो तवरिक त्याले दुसरी वाजतगाजत आणता येणार नाई. राहू दे तसाच, खुट्याले बांधून." त्याने एक बाई आणून ठेवली, पण ती कुठल्या हळदी-कुंकवाला गेली नाही आणि शेवटी तीही त्याला सोडून गेली. फुलाला त्याचा आनंद झाला होता, तो तिने लपवला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, फुलाचा तर जळल्यावरच पक्का झाला होता.

त्या पिळाचा दुसरा पेच आमच्या लक्षात उशिरा आला. काडीमोड नाही म्हणजे मेल्यावर मढ्यावर हक्क त्याचाच. गेल्या हिवाळ्यात शेडमध्ये शेकत बसलो होतो. फुला एकदम म्हणाली, "मी मेली त त्याचं बोट मले लागू देऊ नोको. तू सांगजो सगळ्याईले." मी म्हणाले, "आधी कोण जाते ते तर पाहू." ती म्हणाली, "मजाक नाई करून राह्यली मी." मी हो म्हटलं... आणि विषय तिथेच राहिला. बायकांपाशी ती मरणाबद्दल बोलत नसे, त्यांना आधीच काय कमी होतं.

मी कारंज्याला पोचले तेव्हा शेडसमोर एक जीप उभी होती. आत फुलाला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातात हिरवा चुडा, ओटीत नारळ. लुगडं भावांनी आणलं होतं. जिवंतपणी जिला घरात ठेवलं नाही, तिला माहेरचं लुगडं मात्र वेळेवर पोचलं. आणि उशाशी तो, तिचा नवरा, बसला होता, पांढरं धोतर, खांद्यावर नवा टॉवेल. त्याच्यासाठी मढं थांबवलं होतं. मी दारातून ओरडले, "याला कोणी बोलावलं?" मग सिंधू पुढे आली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर एक समाधान, घरचं मोठं कार्य नीट पार पाडल्यासारखं. "मी बोलावलं, ताई. आमच्या रांडवांच्या जिवाले लागू नाई म्हणून बाईनं जलमभर कुंकू नाई लावलं. निदान जाताना त तिचं तिले भेटो. अहेव मरण आलं तिले, किती नशीब..."

असा अर्थ लावला होता तिने त्या कोऱ्या कपाळाचा! जे सुख तिच्याकडून ओरबाडून घेतलं गेलं, जगात त्याहून मोठं काही नाही असं तिला शिकवलं गेलं, तेच तिने आपल्या फुलाबाईला द्यायला आणलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याने करंड्यात बोट बुडवलं आणि फुलाच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू भरलं. बायांमधून आवाज आला, "भाग्याची वो माय." त्याने टॉवेल डोळ्याला लावला.

मग मी सिंधूला सांगितलं. तिथेच, सगळ्यांसमोर, फुलाचे शब्द जसेच्या तसे. निष्ठुर वाटेल, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही. फुलाने तेच केलं असतं. सिंधू वाकली, पदराचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि फुलाचं कपाळ पुसायला लागली. क्षणभर कुणाला काय चाललंय ते उमगेना. नवरा जिवंत असताना बाईचं कुंकू पुसणं म्हणजे त्याला मेला म्हणणं, हे आमच्याकडच्या पोरीबाळींनाही ठाऊक असतं. तो ताडकन उठला आणि किंचाळला, "अवो, मी जिता हाओ ना अजून!" फुलाच्या थोरल्या भावाने सिंधूच्या मुस्कटात मारली. ती पडली, उठली आणि उरलेलं पुसलं.

पण शेवट आमच्या हातात नव्हता. बायकांना शेडपाशीच अडवलं. कपाळावर लाल फराटा घेऊन फुला गेली आणि घाटावर अग्नी त्यानेच दिला. ज्या हाताने एकदा जाळलं, त्याच हाताने दुसऱ्यांदा जाळलं, आणि या वेळी तर रीतसर. सिंधू चुलीपाशी बसून तेच म्हणत होती, "मीच बोलावलं वो त्याले... मीच."

परवा मी पुन्हा कारंज्याला गेले. चुली पेटल्या होत्या. सिंधूच्या पदराचं टोक अजून लालसर आहे, त्याच टोकाने ती मटक्यावरची पोळी सोडवते. पोळ्यांना नुकती सुरुवात होत होती, तेवढ्यात दारात तो उभा राहिला. मी आधी ओळखलंच नाही. गाल बसलेले, डोळे खोल. कुंकू पुसलं त्या दिवसापासून त्याला अन्न जात नाही म्हणे, गावात लोक त्याच्याकडे मेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. हातात कुंकवाची पुडी होती. भिंतीवर फुलाचा फोटो आहे, त्याकडे बोट करून तो सिंधूला म्हणाला, "बाई, तुवा पुसलं, तूच लावून दे एकडाव. पाया पडतो. मले जगू दे."

सिंधूने त्याच्याकडे पाहिलं. मग मटक्यावरून पहिली पोळी काढली, ताटात घेतली आणि खाली बसली. "थांबा," ती म्हणाली. "जिनं केली ते आधी खाईन."

ती सावकाश खात होती. बाकीच्याही आपापली पहिली पोळी घेऊन बसल्या. तो पुडी धरून उभाच होता, कुणी त्याला बस म्हटलं नाही. ताट पुसून खाल्ल्यावर सिंधू उठली, तिने हात धुतले आणि पुढची कणीक हातावर घेतली. त्याच्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. मी संध्याकाळच्या गाडीने निघाले तेव्हा पुडी उंबऱ्याबाहेर पडलेली होती आणि फोटोतल्या फुलाचं कपाळ तसंच मोकळं होतं.