गणूतात्यांचा बसरा आणि माझं कार्ड

हे मी एकाच अटीवर सांगते. हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसा, अधूनमधून नको. मधेच कुणी हसलं की मला वाटतं आपलं सांगणंच चुकलं, आणि मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. चहा घ्या, गार होईल.

तर मी एका जिवंत माणसाला मारलं. विष घालून वगैरे नाही. पोस्टकार्डानं.

आमचे हे कोऱ्हाळे बुद्रुकला शाळामास्तर. मी पुण्यात इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे त्या गावात जवळजवळ बॅरिस्टर. दुपारी हे शाळेत असायचे, तेव्हा पत्रं, नोटिसा, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं माझ्याकडे यायचं. मांडीवर नऊ महिन्यांचं बाळ आणि हातात लोकांचे कागद. दोन्हींची मला सारखीच धास्ती. बाळ रडलं की वाटायचं पोट दुखतंय, रडलं नाही की वाटायचं रडत का नाही.

एके दिवशी गणूतात्या आले. पंचेचाळिशीचे, ताठ, मिशा दोन्हीकडे वळलेल्या. मोठ्या लढाईत पलटणीच्या खेचरांबरोबर समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याला दोन वर्षं राहून आलेले. गावात ऊन तापलं की म्हणायचे, "ह्येला ऊन म्हनत्यात व्हय? बसऱ्याला या." थंडी पडली तरी तेच. त्यांच्याकडे पत्र्याच्या नळकांडीत पलटणीतून सुटल्याचा कागद होता. इतकी वर्षं आढ्याला टांगलेला. इंग्रजीत असल्यामुळे कुणी वाचलेला नव्हता.

"वाचा मास्तरीणबाई. मोठ्यानं वाचा, ह्या लोकांस्नी ऐकू द्या."

अंगणात चारपाच माणसं होती. शहाण्या बाईनं आधी मनात वाचलं असतं. मी थेट मोठ्यानं वाचलं. नाव, गाव, उंची, डाव्या गालावर तीळ. मग पुढचा रकाना. समुद्रापार नोकरी: नाही.

"पुन्हा वाचा," तात्या म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. दोनदा वाचून "नाही"चं "होय" होत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

झालं होतं असं, की बसऱ्याहून तात्या तापानं फणफणत परत आले आणि बंदरावरून थेट दवाखान्यात गेले. तिथूनच त्यांचं नाव कमी झालं. कागद लिहिणाऱ्यानं खाटेवरचा माणूस पाहिला, समुद्र काही पाहिला नाही. पण हे गावाला कोण सांगणार? दुसऱ्या दिवसापासून पारावर सुरू झालं, "तात्या, बसरा कंच्या अंगाला आला? सासवडाच्या अलीकडं का पलीकडं?"

तात्यांनी उन्हाबद्दल बोलायचं सोडलं. पारावर जायचंही सोडलं. मला रात्री झोप येईना. बाळामुळे एरवीही येत नव्हती, पण आता कारण मोठं होतं.

त्यातच दवंडी आली. लढाईत समुद्रापलीकडे जाऊन आलेल्यांना कालव्याखालची सरकारी जमीन मिळणार. प्रांतसाहेब इंदापूरला येऊन सोमवारी एकच दिवस कागद तपासणार. कागदात चूक असेल तर पलटणीतला जोडीदार साक्षीला आणावा, दुरुस्तीची शिफारस तिथल्या तिथं होईल. मग मुक्काम हलणार आणि विषय संपणार.

"जोडीदार हाय की," तात्या म्हणाले. "भिवा. भीमाकाठचा. एका तंबूत दोन वर्सं निजलो. त्यो आला म्हंजी झालं."

"मी कार्ड टाकते," मी म्हणाले. मीच बिघडवलं होतं, मीच नीट करणार होते.

आपल्याकडे कार्ड कसं लिहितात तुम्हाला ठाऊक आहे. "वि. वि. इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी," मग लहानथोरांस नमस्कार, आणि मुद्दा येईपर्यंत जागा संपलेली. पुण्याच्या आमच्या बाईंनी शिकवलं होतं, कामाच्या पत्रात पाल्हाळ नको. मी नेटकं लिहिलं: "गणू, कोऱ्हाळे बुद्रुक. यांच्यासाठी साक्ष देण्यास सोमवारी सकाळी इंदापूरच्या कचेरीत अवश्य यावे. उशीर करू नये." बस. मी स्वतःच दोनदा वाचून खूश झाले.

शाई वाळायला कार्ड जमिनीवर ठेवलं. दूध उतू जातंय म्हणून आत गेले. परत आले तो बाळ कार्ड चघळत बसलेलं आणि खालचा कोपरा नाहीसा.

पुढचं जरा समजून घ्या. कार्डाकडे माझं लक्षच नव्हतं. कोपरा बाळाच्या पोटात गेला की गालात आहे? घशात अडकला तर? मी तोंडात बोट घातलं, बाळ चावलं. उलटं धरलं, बाळ हसलं. मग गुटी उगाळून पाजली. पुढचे दोन दिवस प्रत्येक लंगोट मी ज्या बारकाईनं तपासला, त्या बारकाईनं प्रांतसाहेबांनी कधी कागद तपासला नसेल.

या सगळ्यात टपाल न्यायला माणूस दारात आला. कार्डाचा उरलेला कोपरा ओला, दातांच्या खुणांचा. नसलेल्या दातांच्या. असं घाणेरडं कार्ड कसं पाठवायचं? मी कात्री घेतली आणि कोपरा तिरका, सरळ रेषेत, सुबक कापून टाकला. दिलं.

तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही. मंगल पत्राला हळदकुंकू आणि वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा कापलेला, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पाळण्यातल्या पोरानंच सुरुवात केली म्हणा.

सोमवारी यांची शाळा होती म्हणून मी, तात्या, त्यांच्या साळूबाई आणि बाळ असे मोटारीनं इंदापूरला निघालो. माझं आजोळ इंदापूरचं, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. वाटेत बाळ गप्प झालं म्हणून एकदा आणि रडलं म्हणून दोनदा मी मोटार थांबवली. पोचायला दुपार झाली. तात्या खाकी कोट घालून आले होते. पाय धुळीनं भरले म्हणून ते हौदापाशी थांबले. आम्ही दोघी पुढे कचेरीच्या ओट्यावर गेलो.

तिथं एक रुंद खांद्याचा गडी मान घालून बसला होता. साळूबाईंना पाहून उठला.

"वहिनी, मोटार मिळाली न्हवं?"

"मिळाली की," साळूबाई म्हणाल्या. "पर भिवा भावजी, मिशा कुठं गेल्या?"

"ठिवून काय करू? कुनाच्या फुडं मिरवू आता?"

मग त्यांची नजर साळूबाईंच्या कपाळावर गेली. तिथं रुपयाएवढं कुंकू. त्यांनी नजर खाली केली.

"मी काय बोलनार. ज्येचं त्येला."

"आसं कोड्यात काय बोलता? कोन गेलं तुमच्यातलं?"

"आमच्यातलं न्हवं, वहिनी."

आणि ओले पाय घेऊन तात्या ओट्यावर चढले. भिवांनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पावलं पुढच्याच बाजूला होती. मग तोंडाकडे पाहिलं.

"गण्या. तू हितं कसा?"

"मोटारीनं," तात्या म्हणाले.

तात्यांचा दंड चाचपून भिवा ओट्यावरच बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. घरात वाचणारं कुणी नव्हतं. पोस्टमननं कापलेला कोपरा पाहिला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि तिथून वाचून दाखवलं. गणू, कोऱ्हाळे. सोमवार. इंदापूरची कचेरी. "खुशाल" कुठंच नाही. कार्ड घरात ठेवायचं नसतं म्हणून फाडून टाकलं. सगळ्यांनी अंघोळी केल्या. भावापेक्षा जवळचा माणूस म्हणून भिवांनी मिशा उतरवल्या.

"कार्ड कुनी लिवलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

साळूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी बाळाकडे बघायला लागले. बाळ कुणाकडेच बघेना.

"आरं पन साक्ष?" तात्या म्हणाले. "साक्षीचं काय?"

"दिली की सकाळीच. गंगाजळीवर हात ठिवून सांगितलं, बसऱ्याला माझ्या शेजारी दोन वर्सं निजला. ऊन आसं की लगाम हाताला भाजायचा. साहेब म्हनले, हे बनावट न्हाई. सही केली त्येंनी."

तात्यांचं तोंड उजळलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. "म्हंजी लिवलं? बसरा लिवला?"

आत कारकुनांनी कागद शोधून दिला. लिहिलं होतं: समुद्रापार नोकरी, बसरा, दोन वर्षे, साक्षीवरून सिद्ध. त्याच्याच खाली: सदर इसम मयत. जमीन विधवेच्या नावे करण्यास हरकत नाही. त्याखाली साहेबांची सही.

"इसम हा उभा आहे," मी म्हणाले.

"दिसतंय," कारकून म्हणाले. "पण सही मयताखाली आहे, बाई. आणि साहेब जेवून उठले की मुक्काम हलणार."

तात्या कागदाकडे बघत होते. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बसऱ्याला गेलो हे ठरलं न्हवं? मग मेलो तर मेलो."

"आनि मी?" साळूबाई म्हणाल्या. "जमीन माझ्या नावावर, मग नांगर कुनी धरायचा? मेलेला मानूस धरंल व्हय? का आदी कुकू फुसून येऊ, मग पाण्याची दारं धरू?"

"जिता असून तुजं ऐकतोच हाय की."

"ते मी साहेबाला सांगू का?"

एवढ्यात साहेब बाहेर आले. म्हातारे. चष्म्यातून त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. भिवा उठून म्हणाले, "साहेब, सकाळी मी खोटं बोललो. म्हंजी निम्मं. बसरा खरा, मरान खोटं." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या बाईंनी कळवलं व्हतं."

मी सांगितलं. कोपरा, बाळ, कात्री. गुटीचंही सांगितलं, का ते विचारू नका. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "अर्ज लिहा. इसम जिवंत असल्याचा. मोटार सुटेपर्यंत वेळ आहे."

कागद दिला, टाक दिला. बाळ साळूबाईंकडे रडत होतं. तात्या एका बाजूला, भिवा दुसऱ्या बाजूला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट, या वेळी काही राहायला नको. काही म्हणजे काहीच.

साहेबांनी अर्ज वाचला. पुन्हा वरून वाचला. मग मोठ्यानं वाचला.

"वि. वि. इकडील सर्व खुशाल. अर्जदार गणू, कोऱ्हाळे बुद्रुक, हेही खुशाल असून आज स्वतःच्या पायांनी कचेरीत आले आहेत. त्यांचे मित्र भिवा खुशाल आहेत. साहेबांची खुशाली कळावी."

कारकुनांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाई, अर्जात हे लिहीत नाहीत," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "पुण्यात तसं शिकवलं होतं."

त्यांनी चष्मा पुसला, टाक घेतला आणि माझ्या अर्जाच्या खाली लिहिलं: "इसम समक्ष पाहिला. खुशाल आहे. मयत रद्द. बसरा कायम." तो कागद दुरुस्तीसाठी पलटणीच्या दप्तराकडे गेला.

दोन महिन्यांनी नवा कागद आला. इंग्रजीत, टंकलेला, शिक्क्याचा. जमीन तर मिळालीच, पण तात्यांनी कागद मला वाचायला दिला तेव्हा मी आधी मनात वाचला. शिकले मी तेवढं. समुद्रापार नोकरी: बसरा, दोन वर्षे. आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात, पलटणीतल्या कुणा इमानी कारकुनानं प्रांतसाहेबांचा शब्द न् शब्द इंग्रजीत उतरवला होता: इसम खुशाल आहे.

तात्यांनी तो कागद काचेत बसवून ओसरीवर लावला आहे. पारावर जातात, उन्हाबद्दल बोलतात. कुणी पाहुणा आला की विचारतात, "हिंदुस्थानात हाय का कुनाच्या कागदावर आसं लिवल्यालं? सरकारनं इचारपूस केलीया माझी." मग मला वाचायला बोलावणं येतं. मी बाळाला कडेवर घेऊन जाते. साळूबाई दारातच उभ्या असतात. आधी माझ्याकडून बाळ काढून घेतात, घरातली कात्री माझ्यापासून लांब ठेवतात, आणि मग म्हणतात, "हं. आता वाचा."